प्रतिसाद: उधाण वेगळं, त्सुनामी वेगळी

'त्सुनामी म्हणजे मोठं उधाणच' हे वरचं म्हणणं पटलं नाही. उधाण चंद्र-सूर्याच्या ओढीचं, अमावास्या-पौर्णिमेला ठरलेलं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, अष्टमीला सहा. (घड्याळापेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास!)

त्सुनामीला तिथी नाही. भूकंपाने समुद्रतळ हलला की वरचं सगळं पाणी ढकललं जातं. खोल समुद्रात वेग विमानाइतका, उंची मात्र इतकी कमी की होडीला कळतही नाही. उथळात आल्यावर ती उभी राहते. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या (पाकिस्तान-इराणचा किनारा) भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली, तेव्हा पौर्णिमा होऊन आठवडा उलटलेला. म्हणजे भांगाचे, कमी भरतीचे दिवस, उधाणाचा संबंधच नाही.