मदत हवी आहे: राज्यस्तरीय उद्योग संघटनेत कायदेविषयक मागण्यांचा अग्रक्रम कसा ठरवतात?

आमचा भोसरीत छोटा मशिनिंगचा कारखाना आहे. राज्यभर सभासद असलेल्या एका संघटनेच्या धोरण समितीवर यंदा मला घेतलंय. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी सरकारला द्यायच्या मागण्यांची यादी करायची आहे.

सभासदांकडून गूगल फॉर्मवर सूचना मागवल्या, तर भलीमोठी जंत्रीच जमली. त्यातलं राज्याच्या हातात नसलेलं वेगळं काढलं. वीजदर सरकार नव्हे, तर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतात. लहान उद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकती करण्याचा नियम २००६ च्या केंद्रीय कायद्यातला, पण थकबाकीचे दावे ऐकणारी सुविधा परिषद राज्य सरकार नेमतं, म्हणून ती मागणी ठेवली. व्यवसाय कर १९७५ च्या राज्य कायद्याखाली येतो, तोही ठेवला.

खरी अडचण इथून पुढे. मतदान घेतलं की पुणे-चाकणचे सभासद संख्येनं जास्त, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याचे मुद्दे तळाला जातात. समितीवर सोडलं, तर मोठ्या कंपन्यांचा आवाज चालतो (वर्गणीही त्यांचीच जास्त, हे आलंच). आमच्याकडे पगारी संशोधक नाही, आणि पाचाहून जास्त मागण्या कोणी वाचत नाही असं माझं मत आहे.

सल्लागार सुचवू नका, तेवढं बजेट नाही. ज्यांनी अशा संघटनेत प्रत्यक्ष काम केलंय त्यांना विचारायचंय: जिल्हावार आणि उद्योगाच्या आकारानुसार मतांना वजन देता का, आणि शेवटची यादी समिती ठरवते की कार्यकारिणी?