उचलले जाणार, मागे राहणार... हा चार्ट शास्त्रात (बायबलात) नेमका आहे कुठे?

परळची_आई

जय ख्रिस्त सगळ्यांना. प्रश्न लांबलाय, सॉरी. मागच्या महिन्यात आमच्याकडे ३ दिवस कन्व्हेन्शन होतं, बाहेरचे वक्ते आले होते, त्यांनी प्रोजेक्टरवर मोठ्ठा चार्ट लावला. आधी मंडळी, म्हणजे ख्रिस्ताची माणसं, वर उचलली जाणार, मग ७ वर्षं महासंकट, मग ख्रिस्तविरोधी, मग हजार वर्षं, मग न्याय, बाण बिण काढलेले, अगदी लोकलच्या डब्यातल्या मॅपसारखं. माझी ९ वर्षांची मुलगी पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकत होती. परवा ती शाळेतून आली तेव्हा मी शेजारी कोथिंबीर मागायला गेले होते, गॅसवर कुकर चालू, दार उघडं, आणि माझ्या चपला दारातच. परत येते तर पोरगी जिन्यात बसून हमसून हमसून रडतेय, म्हणे तू वर गेलीस आणि मी राहिले. चपला तिथेच दिसल्या ना, तिची खात्रीच पटली.

तर हे सगळं शास्त्रात असं ओळीने आहे का? की इथला तुकडा तिथला तुकडा? अब्राहामाला यातलं काय माहीत होतं? वक्त्यांना कोणी नावं ठेवू नका प्लीज, ते मनापासूनच बोलत होते.

भायखळा_संडेस्कूल

ताई आधी पोरीला जवळ घ्या, घेतलंच असेल म्हणा. तो अख्खा चार्ट एका जागी कुठेच नाहीये, तुकडे शास्त्रातले आहेत पण जोडणी नंतरची. येशू आधी फक्त मंडळीला न्यायला येणार आणि महासंकटानंतर पुन्हा उघडपणे येणार, हे दोन टप्पे जॉन नेल्सन डार्बी नावाच्या प्रचारकाने १८३० च्या सुमारास शिकवायला घेतले आणि १९०९ ला स्कोफील्डचं टिपांवालं बायबल निघालं त्यातून ते लांबवर पोचलं.

तुमचा अब्राहामवाला प्रश्न मला फार आवडला कारण खरंच त्याला यातलं काहीच सांगितलेलं नाही. वचन काय, तर जमीन, संतती आणि तुझ्यामुळे सगळ्या कुळांना आशीर्वाद. मेल्यावर पूर्वजांकडे जाणं, अधोलोक (मेलेल्यांची जागा), बस. दावीद तर ६ व्या स्तोत्रात देवाशी घासाघीस करतो की मी मेलो तर तिथून तुझी स्तुती करणार कोण. मग ख्रिस्तपूर्व ८ व्या शतकात आमोस संदेष्टा. तोवर लोक परमेश्वराच्या दिवसाची मजेत वाट बघत होते, देव येईल, शत्रूंना बडवेल, आपण टाळ्या वाजवू. आमोस म्हणतो कशाला तो दिवस मागताय, तो अंधार आहे, एक जण सिंहापासून पळाला तर पुढ्यात अस्वल, कसाबसा घरात शिरून भिंतीला हात टेकला तर साप चावला (५:१९). म्हणजे न्याय आपल्याच घरात. यशया मग त्याच आशेत तलवारींचे फाळ करतो आणि मृत्यूच गिळला जाईल म्हणतो. यहेज्केलाची वाळकी हाडं सगळ्यांना तोंडपाठ, पण तिथेच ३७:११ ला लिहिलंय की ही हाडं म्हणजे इस्राएलचं घराणं, बाबेलात अडकलेली माणसं आमची आशा संपली म्हणत होती त्यांना दिलेलं उत्तर ते. माणसं मातीतून उठतील, कोणी सार्वकालिक जीवनासाठी कोणी लज्जेसाठी, इतकं स्पष्ट येतं ते दानीएल १२:२ ला, आणि तेही छळाच्या दिवसांचं बोलताना, कारण विश्वासू राहून जे मेले त्यांचा हिशोब देव करणार कुठे? एवढं होऊनही येशूच्या काळात यहुद्यांच्या दोन पंथांपैकी परूशी पुनरुत्थान (मेलेल्यांचं उठणं) मानायचे आणि सदूकी मानायचे नाहीत. नकाशा कुणालाच एकदम हातात मिळाला नाही, दरवेळी काहीतरी दुखलं, कुणीतरी विचारलं, आणि थोडं पुढचं दिसलं.

वसईचा_पाव

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे चार्ट बिर्ट नाही पण नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी याच विषयाचं वाचन असतं, जागे राहा म्हणून, आणि लोकांच्या डोक्यात मात्र कुसवार (नाताळचा फराळ), करंज्या 😀

मला योहान ११ सगळ्यात भारी वाटतं. लाजर मेलाय, त्याची बहीण मार्था म्हणते शेवटच्या दिवशी तो उठेल हे मला माहितीय. म्हणजे दानीएल तिला पाठ आहे, उत्तर परीक्षेत पूर्ण मार्कांचं. आणि येशू म्हणतो पुनरुत्थान मी आहे. ती तारीख सांगतेय आणि तो समोर उभा आहे. आमच्याकडे मयताला बऱ्याचदा हाच भाग वाचतात.

आणि ते मत्तय २४ मधलं, एक घेतला जाईल एक ठेवला जाईल, त्याच्या वरची ओळ वाचा ना, नोहाचा जलप्रलय. वाहून कोण गेलं? बाकीचे. राहिला कोण? नोहा. मग राहिलेलंच बरं की! मुलीला सांगा.

अंधेरी_ईस्ट

मी स्वतः तो चार्ट मानतो त्यामुळे दोन शब्द. पहिलं, डार्बी उशिरा आला म्हणून चूक असं होत नाही, प्रकटीकरण (बायबलचं शेवटचं पुस्तक) ३:१० मध्ये परीक्षेच्या घटकेपासून राखीन असं वचन आहेच. दुसरं वसईकर, ग्रीकमध्ये वाहून नेलं आणि घेतला जाईल ही दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि दुसरं जवळ घेणं या अर्थानेही वापरतात, त्यामुळे नोहावाला मुद्दा वाटतो तितका पक्का नाही. पण ९ वर्षांच्या पोरांसमोर मागे राहिलेल्यांचे हाल रंगवून सांगणं मलाही पटत नाही. त्याच वक्त्यांनी पौलाच्या पत्रातलं २ थेस्सलनी ३ पण वाचायला हवं होतं, तिथे काही लोक काम सोडून नुसते हिंडत होते आणि पौल म्हणतो काम करायचं नसेल तर खायचंही नाही. शेवटचा काळ आला म्हणून डबा भरायचा थांबत नाही.

भायखळा_संडेस्कूल

क्रियापदाचं बरोबर आहे, मान्य. पण मुलीला ज्या ओळीने रडवलं, ढगांत वर उचलले जाण्याची, ती १ थेस्सलनी ४ ची, आणि ते पत्र साधारण इ.स. ५० चं, त्या लोकांचा प्रश्न काय होता बघा. त्यांच्यातली काही माणसं वारली होती आणि त्यांना भीती की प्रभू येईल तेव्हा आपली गेलेली माणसं मुकणार. पौल म्हणतो उलट ती आधी उठतील, मग आपण सगळे मिळून त्याला भेटायला जाऊ. मागे कोण राहिलं हा विषयच नाही तिथे.

आणि भेटायला जाणं यासाठी तिथे जो शब्द आहे, अपांतेसिस, तो अजून दोन ठिकाणी बघा. मत्तय २५ मधल्या दहा कुमारी वराला भेटायला निघतात, आणि प्रेषितांची कृत्ये २८ मध्ये रोमचे बंधू पौलाला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत येतात. दोन्हीकडे पाहुणा पुढे येतोय आणि भेटणारे त्याच्यासोबत आत जातात. आपल्याकडे याला सामोरं जाणं म्हणतात! माझ्या गावी अजून सीमांतपूजनाला बँड घेऊन वेशीपर्यंत जातात, मुंबईत वेस कुठली, हॉलच्या गेटवरच उरकतात, पण नवरदेवाला गेटवर ओवाळून कोणी त्याच्यासोबत परत स्टेशनला जात नाही, त्याला आत आणतात. प्रकटीकरण २१ पण तेच, नगरी वरून खाली उतरते. अंधेरी म्हणतील १ थेस्सलनी ४ मध्ये परत खाली आल्याचं लिहिलेलं नाही, आणि ते खरंय, नाही लिहिलेलं.

अंधेरी_ईस्ट

म्हणणारच होतो 😄 पण ते सीमांतपूजनाचं घेतो मी उधार.

परळची_आई

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. नोहाचं नाही सांगितलं, उगाच पुराची भीती, आमच्याकडे आधीच पावसात पाणी भरतं. तुझे आजोबा आधी, मग आपण सगळे एकत्र, एवढंच सांगितलं. तिने विचारलं एकत्र म्हणजे एकाच वेळी ना, दोनदा विचारलं, मग जेवली. चपलांचं मात्र डोक्यातून गेलं नाहीये, आता शेजारी जाताना पण घालून जातेय मी.

अजून एक, ते ख्रिस्तविरोधी प्रकटीकरणात शोधत होते काल, सापडलाच नाही?

वसईचा_पाव

नाहीच आहे तिथे, तो शब्द फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात, आणि तिथेही तो म्हणतो की असे पुष्कळ आत्ताच निघालेत. प्रकटीकरणात श्वापद आहे.

अंधेरी_ईस्ट

दोन्ही एकच असं आमच्यात शिकवतात. पण त्याला आणि हजार वर्षांना वेगळा धागा काढा, इथे सुरू केलं तर सकाळची ६:१० ची लोकल चुकेल माझी.