मदत हवी आहे: ऑफिसातलं एक्सेल प्रशिक्षण तीन दिवसांवरून दीड तासावर आलंय, कोटेशनमध्ये काय लिहू?

नमस्कार मंडळी,

येत्या गुरुवारी फोर्टमधल्या एका कस्टम्स एजंटच्या ऑफिसात मला कोटेशन घेऊन जायचंय आणि त्यात काय लिहावं हे आठवडाभर ठरत नाहीये. इथे एचआरमधली, अकाउंट्समधली आणि माझ्यासारखी शिकवणारी मंडळीही आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी २००६ला परळच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले. एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झालेली, सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र मागायचे, त्यामुळे सकाळी सातची बॅचसुद्धा भरलेली असायची. पुढे ओळखीतून ऑफिसांची कामं मिळत गेली. जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा तर सहा महिने रविवारही मोकळा नव्हता. टॅली आणि एक्सेल दोन्हीसाठी लोक रांगेत होते. २०२०च्या लॉकडाउनमध्ये सगळं झूमवर गेलं. ऑफिसात न बोलावताही शिकवून घेता येतं हे तेव्हा कंपन्यांना कळलं. मग रेकॉर्डिंग आहे तर दर वर्षी शिकवणारी तरी कशाला, असा विचार सुरू झाला. आता वर्षाची वर्गणी भरून पोर्टल घ्यायचं, सगळ्यांना लॉगिन द्यायचं, सात-आठ मिनिटांचे व्हिडिओ, शेवटी पाच प्रश्न, की प्रमाणपत्र तयार.

ज्या ऑफिसाबद्दल विचारतेय तिथे ३८ माणसं आहेत. २०१४ पासून दर वर्षी तीन दिवस एक्सेल घ्यायचे. २०२२ला त्याचा एक दिवस झाला. यंदा नवीन एचआर मॅनेजर म्हणाल्या, "मॅडम, एक्सेल पोर्टलवर झालंय सगळ्यांचं. तुम्ही एआयचं दीड तासाचं सेशन घ्या, सध्या सगळीकडे तेच चाललंय." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. बहुतेक सगळ्या नावांपुढे हिरवी खूण होती.

निघताना मी कंटेनर रजिस्टर सांभाळणाऱ्या काकांच्या टेबलापाशी थांबले. वय ५६, नावापुढे हिरवी खूण आहे. त्यांनी शिपिंग लाइनच्या वेबसाइटवरून कंटेनर नंबर कॉपी करून आपल्या रजिस्टरशी जुळवायला व्हीलुकअप (एका यादीतली नोंद दुसऱ्या यादीत शोधणारं सूत्र) लावला होता, आणि निम्म्या ओळींत एन/ए, म्हणजे नोंद सापडलीच नाही. मोबाइलवर एआयला विचारलं तर त्याने एक्सलुकअपचं, म्हणजे त्याच कामाच्या नव्या फंक्शनचं, सूत्र दिलं. काकांच्या मशीनवर एक्सेल २०१६. त्यात ते फंक्शनच नाही, त्यामुळे आता नेम एरर, म्हणजे हे नाव एक्सेलला ओळखताच येत नाही. काकांना वाटलं आपलंच टायपिंग चुकतंय, म्हणून तेच सूत्र तीनदा पुन्हा टाइप केलं होतं.

मी स्टूल ओढून बसले आणि बाजूच्या रकान्यात लेन (अक्षरं मोजणारं सूत्र) लावायला सांगितलं. कंटेनर नंबर अकरा अक्षरांचा असतो, चार अक्षरं आणि सात आकडे. लेन बारा दाखवत होता. म्हणजे शेवटी एक न दिसणारी स्पेस. जादा स्पेस काढणारा ट्रिम लावला तरी ती जाईना, कारण वेबपेजवरून येणारी ही स्पेस स्पेसबारची नसते, तिचा कोड १६०. सब्स्टिट्यूटमध्ये (एका अक्षराजागी दुसरं घालणारं सूत्र) कॅर १६०, म्हणजे त्या कोडचं अक्षर, घालून ती काढली आणि वरपासून खालपर्यंत ओळी भरत गेल्या. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. काका म्हणाले, "मॅडम, हे त्या व्हिडिओत नव्हतं हो." आणि त्यांनी ते सूत्र डायरीच्या शेवटच्या पानावर पेनाने लिहून घेतलं.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. एआयला माझा विरोध नाही. मी स्वतः सरावाच्या फाइली त्यावर बनवते. त्याच ऑफिसातल्या दोघी जणी वर्षानुवर्षं इंग्रजी मेल लिहायला घाबरायच्या, त्या आता बिनधास्त लिहितात, याचा मला खरोखर आनंद आहे. पण आपलं नेमकं काय अडलंय हे ज्याला ओळखता येत नाही, तो एआयला विचारणार तरी काय? काकांनी प्रश्न विचारला होता की सूत्र चालत नाही. दोष सूत्रात नव्हताच, डेटात होता.

तर मदत अशी हवी आहे. दीड तासाचं सेशन मुकाट्याने घ्यावं, की टेबलाशी बसून त्यांच्याच फाइलींवर सराव करून घेण्याचा प्रस्ताव त्याला जोडावा? जोडला तर एचआरला पटेल असं मोजून काय दाखवू? आणि आतापर्यंत दिवसाचे १२,००० घेत आले, तर दीड तासाचे किती लावायचे? तासाच्या हिशेबाने गेले तर कोटेशन हातात धरायलाही लाज वाटेल असा आकडा येतो.

—

निळीशाई:
मी तुमच्या समोरच्या खुर्चीत बसते, दहा वर्षं लर्निंग अँड डेव्हलपमेंटमध्ये (कंपनीतलं कर्मचारी प्रशिक्षणाचं काम), सध्या लोअर परळला. त्या मॅनेजर बाईंवर राग धरू नका. त्यांना वरून माणशी खर्च विचारतात आणि वर्षअखेरीला एक आकडा मागतात. पोर्टल तो आकडा आयता देतं. तीन दिवस शिकवून झाल्यावर तुम्ही त्यांच्या हातात काय देत होतात? फीडबॅक फॉर्मच ना? चहा चांगला होता, मॅडम छान शिकवतात. त्यावर त्यांना वर्षभराचं बजेट मागता येत नाही.

आमच्या क्षेत्रात डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या अजून वापरतात: लोकांना आवडलं का, ते शिकले का, टेबलावर गेल्यावर वापरतात का, आणि त्याने कामात फरक पडला का. तुमचा फॉर्म पहिल्या पायरीवर आहे. पोर्टलची हिरवी खूण फार तर दुसरीच्या उंबऱ्यावर. तिसरीवर जायला वेळ लागतो, टेबलापाशी जावं लागतं, म्हणून तिकडे बहुतेक कोणी फिरकत नाही. तुम्ही त्या दिवशी स्टूल ओढून बसलात ती तिसरी पायरीच होती, फक्त त्याची नोंद कुठे झाली नाही.

माझ्या मते त्यांनी मागितलंय ते दीड तासाचं सेशन द्याच, नाही म्हणू नका. त्याला चार आठवडे जोडा, दर आठवड्याला दोन तास, गटागटाने त्यांच्या टेबलाशी. सुरुवातीला रोजच्या तीन फाइली निवडा आणि प्रत्येक काम पूर्ण व्हायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा तेच. दोन रकान्यांचा एक कागद एचआरला द्या. तो कागद त्या पुढच्या मीटिंगमध्ये स्वतः घेऊन जातील. आणि तासाचा दर कोटेशनमध्ये लिहूच नका, सगळ्या कामाची मिळून एकच रक्कम लिहा.

—

मस्जिदबंदर:
ताई, कोटेशन द्यायच्या आधी एक फोन करा आणि कोणत्या मशीनवर कोणतं व्हर्जन आहे त्याची यादी मागवा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, आणि ऑफिस २०१६ नि २०१९चाही त्याच दिवशी. आमच्याकडे त्यानंतर अर्धी मशीनं बदलली, अर्धी तशीच आहेत. नव्या मशीनवर पोरं एक्सलुकअपने फाइल बनवतात आणि जुन्या मशीनवर तीच उघडून काम करायला गेलं की तुमच्या काकांसारखं होतं. एक्सलुकअप एक्सेल २०२१ पासून पुढे आणि वर्गणीवाल्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, २०१९ मध्येही नाही. पोर्टलवरचे व्हिडिओ ३६५वर बनवलेले असतात हे शिकणाऱ्याला कोणी सांगत नाही. तुम्ही ते पहिल्याच पानावर लिहिलंत तर समोरच्याला कळेल की बाईंना आमचं ऑफिस माहीत आहे.

१ ऑगस्ट २०२३ला ई-इन्व्हॉइसची (जीएसटीसाठी ऑनलाइन नोंदवायचं बिल) उलाढालीची मर्यादा ५ कोटींवर आली तेव्हा आम्ही त्यात आलो. त्या वेळी दोन मुलं एका सीनियर बाईंच्या शेजारी बसून चार दिवसांत तयार झाली. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले होते. पण खऱ्या बिलावर एरर आली की लोक त्या बाईंनाच हाक मारायचे.

जाता जाता: सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कंपनीने जीएसटी बिल मागितलं म्हणून घाईत नोंदणी करू नका, आधी तुमच्या सीएंना विचारा.

—

पहाटवारा:
सगळे फीबद्दल बोलताहेत, पण मला वेगळीच काळजी वाटली. काकांनी मोबाइलवर एआयला विचारलं म्हणजे नक्की काय पेस्ट केलं? कस्टम्स एजंटच्या फाइलीत आयातदाराचं नाव, आयईसी नंबर (आयात-निर्यातीचा कोड), मालाची किंमत, कधी कधी माणसांचे फोन नंबर असतात. ते स्वतःच्या फोनवरच्या फुकट ॲपमध्ये टाकणं म्हणजे ग्राहकाचे कागद रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवून येण्यासारखं आहे. व्यक्तिगत माहितीसाठी २०२३चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, आणि व्यापारी गुपितं तर ग्राहकाशी केलेल्या करारातच येतात. त्या दीड तासातला पहिला अर्धा तास यालाच द्या. नाव-नंबर काढून, आकडे बदलून नमुना फाइल कशी करायची आणि तीच एआयला कशी दाखवायची, हे हाताने करून घ्या. मालकाला एवढं एक कळलं तरी तो पैसे द्यायला मागेपुढे पाहणार नाही.

—

आगगाडी:
पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघितला आहे का? छोटे व्हिडिओ, फुकट, आणि बरेचसे मराठीतही आहेत. त्यात लिब्रेऑफिस कॅल्क (एक्सेलसारखाच फुकट प्रोग्राम) आहे, एक्सेल नाही, पण सूत्रांची कल्पना तीच. व्हिडिओ थांबवत थांबवत शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं, अशी त्यांची पद्धत आहे. माझ्या आईने वयाच्या ५३व्या वर्षी त्यावरून सोसायटीचा हिशेब शिकला. मराठीत ऐकलं की तिची भीती निम्मी व्हायची.

—

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून तिसऱ्यांदा वाचतेय.

मस्जिदबंदर, फोन केला. २२ मशीनवर २०१६, बाकीच्यांवर ३६५. म्हणजे एआयने दिलेलं सूत्र निम्म्याहून जास्त टेबलांवर चालेलच याची खात्री नाही. हे मी आजवर विचारायला हवं होतं.

पहाटवारा, काकांना विचारलं. त्यांनी रजिस्टरचा फोटोच काढून टाकला होता, वरच्या ओळीत पार्टीचं नाव होतं. त्यांना यात काही चुकीचं आहे हे माहीतच नव्हतं, आणि पोर्टलवर सायबर सुरक्षेचाही व्हिडिओ त्यांनी पूर्ण केलेला आहे. तुमचा अर्धा तास पक्का.

आगगाडी, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ती लिंक सगळ्यांना देणार आहे.

निळीशाई, चार आठवड्यांचं पटलं. फक्त मिनिटं मोजण्याबद्दल मन खातंय. काका चार वर्षांत निवृत्त होतील. त्यांच्या नावापुढे ४० मिनिटं आणि शेजारच्या मुलीपुढे १२ मिनिटं असा कागद मी एचआरला दिला, आणि पुढे तो भलत्याच कामाला वापरला गेला, तर मला झोप लागणार नाही. शिकवायला गेलेल्या माणसाने तसं करू नये.

—

निळीशाई:
तुमची भीती रास्त आहे, मी असं घडताना पाहिलंय. नावं घालूच नका. कामाचं मोजा, माणसाचं नको: "कंटेनर रजिस्टर जुळवणे", "थकबाकीची यादी", "महिन्याचा एमआयएस" (व्यवस्थापनाला द्यायचा अहवाल), आणि पुढे संपूर्ण विभागाला लागलेला एकूण वेळ. कोटेशनमध्येच एक ओळ टाका की वैयक्तिक निकाल कोणालाही दिले जाणार नाहीत. ती वाचली की लोक तुमच्यासमोर चुका लपवणार नाहीत, आणि चुका दिसल्याशिवाय तुम्हाला शिकवता येणार नाही.

—

धागाकर्ती:
हे जमेल. आत्ताच मसुदा केला. एआयचं सेशन दीड तास, त्यात अर्धा तास माहिती झाकण्याचा. मग चार बुधवार दुपारी तीन ते पाच, चार टेबलांचे गट, फाइली त्यांच्याच. सूत्रं २०१६ला चालतील तीच, ३६५वाल्यांना नवीन वेगळी दाखवेन. मोजणी कामानुसार, नावाशिवाय. सगळं मिळून ३०,०००. नावांची ती ओळ पहिल्याच पानावर ठळक अक्षरात घेतली आहे.

गुरुवारी ११ची वेळ आहे. थकबाकीच्या यादीसाठी नावं-आकडे बदललेली, मुद्दाम चुका पेरलेली फाइल कोणाकडे असेल तर बुधवार रात्रीपर्यंत व्यनि (खासगी निरोप) करा. कंटेनरची मी काकांच्या मदतीने करतेय. कुठल्या ओळींत स्पेस लपवायची ते तेच ठरवताहेत.