शिसं ओतायचा ॲल्युमिनियमचा साचा बिघडलाय, वजनं सुरकुततायत. सल्ला हवा (५०० रुपयांच्या आत)

खाडीपल्याड (दाभोळ)
नमस्कार मंडळी. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला लागणारी शिशाची वजनं मी घरीच ओततो. साचा ॲल्युमिनियमचा, पाच घरांचा, म्हणजे एका वेळी पाच वजनं पडतात. ५० ग्रॅमचं लांबट वजन पडतं, टोकाला पितळी तारेची कडी. वडिलांनी मुंबईहून आणलेला. पावसाळाभर कोठीत होता, आता काढला तर खिळ्यांभोवती पांढरी भुकटी. तक्रारी तीन. पहिली सात-आठ वजनं सुरकुतलेली पडतात. कडीकडचं टोक भरतच नाही. आणि शेवटच्या दोन घरांत साचा नीट मिटत नाही, कडेने पातळ पापुद्रा येतो, तो चाकूने तासत बसावं लागतं. साचा वडिलांचा आहे, टाकायचा नाही. ५०० रुपयांत काय होईल?

समुद्रवारा (अलिबाग)
नवीनच घ्या. मी गेल्या वर्षी मशीनवर कोरून घेतला, ३,८०० गेले, पण वजन आरशासारखं निघतं. याच वजनांवर सात किलोचा जिताडा मासा काढलाय.

खाडीपल्याड
दादा, ५०० म्हटलंय मी.

वेंगुर्ल्याचो
साचो कित्याक व्हयो? आमी पागाक (फेकूच्या जाळ्याक) शिशाचो पत्रो कापून दोरयेर वळतंव. आजो तसाच करी, बापूस तसाच करी. एक मणी कधी सुटाक नाय.

समुद्रवारा
पागाचे मणी वेगळे, गरीचं वजन वेगळं. पत्र्याची गुंडाळी खडपात अडकली की दोरी तुटते.

वेंगुर्ल्याचो
खडपात टाकतास कित्याक?

जुना फिटर (चिपळूण)
साचा चांगला आहे, फेकू नका. सुरकुत्या म्हणजे साचा थंड. शिसं ३२७ अंशांना वितळतं, पण गार ॲल्युमिनियमला टेकलं की घर भरायच्या आधीच त्याची साय धरते. ओतण्याआधी साच्याची कड भांड्याच्या काठावर टेकवून ठेवा, चांगला तापू द्या. थेट ज्योतीवर धरू नका. ॲल्युमिनियम ६६० पर्यंत वितळत नाही हे खरं, पण एका बाजूने तापलं की वाकतं आणि मग कधीच मिटत नाही. उलट वजन पांढुरकं, खरखरीत पडायला लागलं तर साचा फार तापलाय, दोन मिनिटं उघडा ठेवा.

टोक भरत नाही, कारण हवा अडकते. साच्याच्या सपाट तोंडावर केसासारख्या बारीक रेघा असतात, हवा त्यातून जाते. जुना टूथब्रश आणि दात कोरायची काडी घेऊन त्या मोकळ्या करा. तारेचा ब्रश नको.

मेणबत्ती२२ (श्रीवर्धन)
घरांना मेणबत्तीची काजळी धरा, सगळं सुटेल. मी दर वेळी जाड थर देतो.

जुना फिटर
जाड थरानेच रेघा बुजतात. काजळी धरायचीच तर नुसती सावली पडल्यासारखी, आणि फक्त घरात.

मेणबत्ती२२
माझं सहा वर्षं चाललंय तसंच.

देवगड बंदर
कोणी ओलाव्याचं बोललं नाही म्हणून लिहितो. मागच्या श्रावणात साचा धुतला, फडक्याने पुसला, लगेच ओतायला घेतलं. तोंडाशी एक थेंब राहिला असणार. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि शिसं वर उडालं. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत अकरा डाग अजून आहेत, चष्मा होता म्हणून डोळा वाचला. पाण्याची वाफ होताना ते सोळाशे पटींहून जास्त फुगतं. आपल्याकडच्या हवेत साचाच काय, पळीसुद्धा ओल धरते. दोन्ही तापवा, मगच पळी शिशात बुडवा. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि बूट घाला.

समुद्रवारा
नवीन साच्यात असं होत नाही.

देवगड बंदर
पाण्याला साचा नवा की जुना ते कळत नाही हो.

अंगणातली तुळस (रत्नागिरी)
घरात लहान मुलं आहेत का? असतील तर हे काम घरात मुळीच नको. शिशाची किती मात्रा मुलांना चालते याची सुरक्षित अशी पातळीच नाही, जागतिक आरोग्य संघटना तसंच सांगते. ब्रिटनमध्ये १९८७ पासून शिशाची बहुतेक लहान वजनं विकायला बंदी आहे, हंस ती गिळून मरत होते म्हणून. लोखंडाची वजनं वापरा.

समुद्रवारा
ताई, लोखंड हलकं. तेवढ्याच वजनाला जवळजवळ दीडपट मोठा तुकडा लागतो, ओहोटीच्या ओढीत वाहून जातो. शिवाय आपल्या खाडीत हंस कुठे आहेत?

अंगणातली तुळस
मुलं आहेत ना.

टायरगल्ली (महाड)
शिसं कुठून आणता? गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावायची जुनी वजनं असतील तर हल्ली त्यात जस्ताची मिसळलेली असतात. जस्त वितळतं ४१९ला. भांड्यात मिसळलं की पेजेसारखं दाट होतं आणि टोकं भरत नाहीत. संडास धुवायच्या ॲसिडचा थेंब टाका, बुडबुडे आले तर जस्त. बाजूला काढा. बॅटरीच्या प्लेटा तर घरी कधीच वितळवू नका, विषारी धूर येतो.

मेणबत्ती२२
मी पण तेच म्हणणार होतो. आणि काजळी धरा.

जुना फिटर
भुकटीचं राहिलं. होडीच्या पंख्याजवळ जस्ताची वडी का ठोकतात? खाऱ्या पाण्यात जस्त झिजतं, पंखा वाचतो. तुमच्या साच्यात खिळे पोलादी आहेत, त्यामुळे खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियम झिजतंय. खिळे काढून नवे बसवून घ्या, वर्कशॉपमध्ये दोनेकशे घेतील. नंतर खिळ्यांना आणि बिजागरीला टू-स्ट्रोक ऑइलचा पुसट हात. साच्याच्या घरात तेल गेलं तर पुन्हा सुरकुत्या.

पापुद्र्यासाठी साचा मिटून उजेडासमोर धरा. जिथून उजेड येतो तिथे शिशाचा कण चिकटलाय किंवा टवका वर आलाय. कण असेल तर साचा तापवून लाकडी काडीने काढा. टवका असेल तर सपाट दगडावर अलगद एकदा, घराची कड सोडून. आणि वजन सुटत नाही म्हणून साच्यावर हातोडी मारत असाल तर थांबवा. लाकडाने बिजागरीच्या खिळ्यावर टिचकी पुरते.

खाडीपल्याड (बारा दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. उजेडासमोर धरला. चौथ्या-पाचव्या घरामधून सुईएवढा उजेड येतोय. हातोडीचाच टवका, माझाच. दगडावर घासायचं धाडस झालं नाही. वडिलांच्या हातची वस्तू, एकदा जास्त घासली की गेली. नवीन घेत नाही, खिळेही तूर्त नाही. ती दोन घरं सोडली, तिनांतच ओततो. साचा तापवून घेतल्यावर दुसऱ्याच खेपेला गुळगुळीत वजन पडलं. रेघा काडीने उकरल्यावर कडीकडची टोकंही भरली. काजळी धरलीच नाही. काल संध्याकाळी ७२ पडली. खर्च टूथब्रशचे ३० रुपये.

तुळसताई, पडवीतला स्टोव्ह गोठ्यामागे नेला. मुलगी चार वर्षांची आहे. कपडे बाहेरच बदलतो, ते वेगळे धुतो.

समुद्रवारा
पाचाच्या जागी तीन म्हणजे वेळ दीडपटीहून जास्त.

जुना फिटर
तीन घरं चालतील. खिळे मात्र दिवाळीआधी काढून बघा, भुकटी आतून पसरते.