मदत हवी आहे: बीए इतिहासवाल्यांना इंटर्नशिप देतं कोण???

पानगळ:
मी टीवायला आहे, इतिहास. कॉलेजवाले ओजेटीचं (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमातलीच इंटर्नशिप) पत्र पंधरा दिवसांत आणा म्हणालेत, १२० तास भरायचेत आणि कुठे ते तुमचं तुम्ही बघा. कॉमर्सच्या मुली सीएंकडे चिकटल्या, आमच्यातली अर्धी पोरं ओळखीच्या दुकानातून सही आणणार. मला खरंच संशोधनाचं काहीतरी करायचंय. तीन ठिकाणी मेल टाकले, उत्तर शून्य. लवकर सांगा प्लीज

मोडीवेडा:
मोडी लिपी येते का? जुने मराठी कागद तिच्यातच असतात. नसेल तर आधी ती शिका. भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० ला निघालेली संस्था आहे. पुण्यातच पेशवे दफ्तर आहे, पेशवाईतल्या कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) पडलेत, वाचणारे कमी. मी नोकरी सांभाळून शिकलो, सहा महिने रोज एक पान कित्ता.

पानगळ:
मोडी अक्षरं ओळखू येतात, सलग नाही वाचता येत. आणि मी पुण्यात नाहीये

झंपू:
मग कुठे ते सांगा की. मुंबईत असाल तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, जुने सरकारी कागद तिथे असतात. आणि मेलमध्ये काय लिहिलं होतं? "आदरणीय सर, मला इंटर्नशिप हवी" एवढंच असेल तर मीपण उत्तर दिलं नसतं. कुठला काळ, कुठले कागद, किती आठवडे, हे लिहा.

पानगळ:
साधारण तसंच होतं... लातूर. पुण्यात राहायचं तर खोलीभाडं कोण देणार

गिरगावची_काकू:
अगं मग इंटर्नशिप कसली शोधतेस, एमपीएससीचा क्लास लाव. माझा भाचा इतिहास घेऊनच पास झाला.

मोडीवेडा:
काकू, तिने हे विचारलंय का?

गिरगावची_काकू:
बरं बाबा, नाही बोलत.

हत्तीबेट:
लातूर हे पहिल्या ओळीत लिहायचं ना बाई! आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे, म्हणजे इथल्या सरकारी कागदाला मोडीपेक्षा उर्दू जास्त लागते आणि मोठा साठा हैदराबादला. पंधरा दिवसांत ते होत नाही. कागद सोड, माणसं गाठ. मुक्तिसंग्राम कळत्या वयात पाहिलेले आता नव्वदीच्या घरात, पण किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, तेव्हा विशीत असलेले पन्नाशी ओलांडून धडधाकट आहेत. पुनर्वसनाबद्दल विचार. जुन्या गावात भावकी एका गल्लीत होती, नव्या गावात घरं कशी वाटली, शेजार कोण आला, देव कुठे बसवला, जुन्या जागेचं काय झालं. घरात कोण गेलं हे पहिल्या भेटीत विचारू नकोस, सांगायचं तर ते आपणहून सांगतात. रेकॉर्डिंगला लेखी परवानगी घे. तासाभराचं बोलणं उतरवायला मला पाच-सहा तास लागतात, त्यामुळे १२० तासांची काळजी नको.

मोडीवेडा:
आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. तीस वर्षांनी माणूस काहीही सांगतो.

हत्तीबेट:
आणि बखरी कधी लिहिल्या गेल्या? लढाई चालू असताना?

मोडीवेडा:
म्हणूनच अस्सल पत्र बघायचं. तुमच्याच उदगीरची लढाई घ्या, फेब्रुवारी १७६०. पत्रात सुहूर सन असतो, म्हणजे तेव्हाची कालगणना, आकडे अरबी शब्दांत. सितैन मया व अलफ म्हणजे ११६०, त्यात ६०० मिळवा की इसवी सन. पण वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळे जून ते डिसेंबरमधलं पत्र असेल तर ५९९. हे न कळल्यामुळे लोक वर्षभराची चूक करून बसतात.

खापरपणजोबा:
मोडीचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे पणजोबांचा एक जुना कागद आहे, त्यात कुणबी लिहिलंय का ते कोणी वाचून देईल का? फोटो टाकतो.

झंपू:
वेगळा धागा काढा हो. @पानगळ, मुद्दा सहीचा आहे. सर्टिफिकेट कोण देणार?

पानगळ:
माझी मावशीच किल्लारीजवळच्या गावची, नव्या वसाहतीत राहते, दर दिवाळीला आम्ही तिथे असतो आणि मला हे सुचलं नाही!! पण सहीचं खरंच काय करू

हत्तीबेट:
ग्रामपंचायत किंवा गावातलं वाचनालय. उतरवलेल्या मुलाखतींची एक प्रत त्यांना देईन असं लिहून दे, बहुतेक नाही म्हणणार नाहीत. आधी सरांना विचार चालतं का.

पानगळ:
विचारलं. ग्रामपंचायत चालेल, लेटरहेड आणि शिक्का हवा. मावशी म्हणते ग्रामसेवक सोमवारी असतात, सोमवारीच जाते

मोडीवेडा:
जा. पण मोडी सोडू नका.

खापरपणजोबा:
माझ्या कागदाचं कोणी बघतंय का?