कादंबरी वाचून झाली, आता कट्ट्यावर बोलायचं काय?

बिंदुसरा:
आमच्या वाचक कट्ट्यावर बोलायला प्रत्येकाला दहा मिनिटं. त्यातली आठ कथानकातच जातात, मत राहूनच जातं. या महिन्यात रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ आणि सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ घेतल्यात. वाचता वाचता टिपण कसं काढावं?

मांजराकाठ:
आधी बघा, सांगतंय कोण. ‘पाचोळा’त (1971) गंगाराम शिंप्याच्या घराची पडझड त्याची बायको पारबती सांगते. ती जिथं नसते तिथलं तिला ऐकून, नाहीतर अंदाजानंच कळणार. म्हणून समासात पेन्सिलनं खुणा करा: डोळ्यानं दिसलं तिथं ‘दि’, कानावर आलं तिथं ‘ऐ’, नुसतं वाटलं तिथं ‘वा’. वाचताना जीव टांगणीला का लागतो, ते या खुणांवरून कळतं. पुस्तक वाचनालयाचं असेल तर चिठ्ठ्या घाला, ग्रंथपालाची बोलणी कशाला खायची?

बोली अडली तर मोठ्यानं वाचा. धाराशिव-लातूरकडच्या माणसाला ती डोळ्यापेक्षा कानानं लवकर कळते. शब्दाशब्दाला थांबलात तर हेल तुटतो अन् पारबतीची घालमेल त्या हेलातच आहे.

कथानक चार वाक्यांत उरका. शेवट फोडू नका.

जुनी जिल्द:
‘बारोमास’ला या खुणा पुरणार नाहीत, पसारा मोठा आहे. शिकून बेकार बसलेला एकनाथ, त्याचं घर, शेती. वहीच्या एका पानावर नाती मांडा, दुसऱ्यावर पैसा: कुणाकडून घेतला, कशासाठी, फिटला का. शेतकऱ्याच्या घरातल्या भांडणाचं मूळ बहुतेकदा दुसऱ्या पानावर सापडतं.

आणि ती मराठवाड्यातली म्हणून सांगू नका हो! बुलढाण्याकडची आहे, जिल्हा जालन्याला लागून, पण बोली निराळी. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे एका वाक्यात सांगून पुढं सरका.

बिंदुसरा:
दोन्हींची तुलना केली तर?

मांजराकाठ:
दहा मिनिटांत अवघड. करायचीच तर एकच धागा धरा, घरातली बाई. ‘पाचोळा’त सगळं तिच्याच तोंडून येतं; ‘बारोमास’मध्ये एकनाथची बायको अलका आपल्याला बरीचशी त्याच्या बाजूनं दिसते. तिची बाजू कुठं कुठं येते, ते प्रसंग टिपून ठेवा.

टिपणात ‘दाहक वास्तव’ आलं की खोडा, तिथं प्रसंग आणि पान नंबर टाका. वाचून दाखवायचा उतारा अर्ध्या पानाचाच घ्या अन् घरी एकदा घड्याळ लावून वाचा. बोलीतला उतारा वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ खातो.