बायोस उघडतच नाही! कुणाचं कुठे अडलं, कशाने सुटलं?

मेमरी वाढवली. ती पूर्ण वेगाने चालावी म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी जागा होणारा, बोर्डातलाच प्रोग्राम) जाऊन एक्सएमपी ही मेमरीच्या वेगाची सेटिंग सुरू करायची होती. पाच मिनिटांचं काम, त्याला आज तिसरा दिवस. डेस्कटॉप चालू केला की डिलीट बडवतो, एफ2 बडवतो, मग दोन्ही हातांनी दोन्ही बडवतो आणि समोर विंडोज येऊन उभं राहतं. (मदरबोर्ड नवा आहे, म्हणजे खरं तर यूईएफआय, बायोसचा नवा अवतार, म्हणायला हवं. पण बोलताना कोण म्हणतं तसं?)

दोन गोष्टी लक्षात आल्यात. कीबोर्डावरचा नमलॉकचा दिवा थेट विंडोजचा लोगो आल्यावर लागतो, तोवर कीबोर्ड मेल्यासारखा. आणि विंडोजच्या रिकव्हरीत 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' हा पर्याय असतो म्हणतात, तो माझ्याकडे दिसतच नाही.

माझं रडगाणं आहेच, पण त्या निमित्ताने सगळ्यांचे किस्से एका जागी येऊ द्या. किती वेळ वाया गेला तेही लिहा, तेवढाच आम्हाला दिलासा.

* * *

माझं बायोस रोज उघडत होतं, मलाच ते दिसत नव्हतं.

ग्राफिक्स कार्डाला दोन मॉनिटर. डिलीट दाबलं की दोन्ही काळे. मग मी रीसेट दाबायचो आणि विंडोज गुपचूप सुरू व्हायचं. कार्ड खराब, बोर्ड खराब, सगळ्या शंका घेऊन झाल्या. एकदा चिडून त्या काळ्या पडद्यासमोरच एफ10 आणि मग एंटर दाबलं, तर मशीन रीस्टार्ट! म्हणजे 'सेव्ह करून बाहेर पड' हे त्याने ऐकलं होतं. मी आत होतो, फक्त आंधळा होतो.

विंडोज यायच्या आधी कार्ड चित्र कुठल्या तरी एकाच पोर्टवर पाठवत होतं आणि त्या पोर्टवरचा मॉनिटर दुसऱ्या इनपुटवर ठेवलेला. शिवाय माझा डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर इतका सावकाश जागा होतो की तोवर लोगो येऊन गेलेला असतो. सगळ्या केबली काढून एकच एचडीएमआय लावली आणि पहिल्याच फटक्यात निळी चौकट समोर. तीन आठवडे, धागाकर्ते. तीन आठवडे!

* * *

माझा किस्सा लहान आहे. कीबोर्डावरची एफची रांग मुळात आवाज-उजेड कमीजास्त करायला लावलेली होती. मी एफ2 दाबत होतो आणि कीबोर्ड इमानदारीत 'उजेड वाढव' सांगत होता. एफएन धरून दाबलं, झालं.

* * *

कीबोर्डाचंच पुढे. ब्लूटूथचा असेल तर तो विंडोजने जोडून घेतलेला असतो, त्याआधी त्याला कुणी ओळखत नाही. हबमधून लावलाय का? थेट मागच्या पोर्टमध्ये लावा, शक्यतो यूएसबी 2च्या. गेमिंगच्या काही कीबोर्डांना पाठीमागे 'बायोस' लिहिलेली कळ असते, ती कशासाठी हे मला असंच कळलं: एकदम अनेक बटणं ओळखण्याची त्यांची पद्धत काही फर्मवेअरना (म्हणजे बोर्डातल्या बायोस किंवा यूईएफआयना) झेपत नाही. बोर्डावर गोल पीएस/2 सॉकेट असेल तर जुना कीबोर्ड फेकू नका. आणि बटण दाबून धरू नका, टकटक करत राहा. माझा एक जुना बोर्ड दाबून धरलं की 'कीबोर्ड एरर' म्हणून कुरकुरायचा.

* * *

पोटापाण्यासाठी हेच करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. 'फास्ट स्टार्टअप' विंडोजचं, 2012च्या विंडोज 8पासून आलेलं. त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवतात, जवळजवळ हायबरनेटच. म्हणून बायोसमध्ये जायचं तर शटडाउन करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट करा, रीस्टार्ट खरंखुरं पहिल्यापासून होतं. 'फास्ट बूट' मात्र बोर्डाचं. ते वेळ वाचवायला यूएसबीची पूर्ण तयारीच करत नाही. कीबोर्ड जागा करायचं काम मग विंडोजवर पडतं. धागाकर्त्यांचा तो उशिरा लागणारा दिवा हेच सांगतोय, असं माझं मत.

अशा वेळी आतून जायचं. शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. लिनक्सवर सिस्टमडी (सगळी सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) असेल तर तिथेही एका आज्ञेत हेच होतं. दोन्हीकडे मागे घडतं तेच: ऑपरेटिंग सिस्टीम फर्मवेअरच्या मेमरीत एक खूण करून ठेवते, 'पुढच्या वेळी थेट सेटिंग्जमध्ये थांब'. कीबोर्डाची गरजच नाही.

आता तो पर्याय दिसत का नाही? विंडोज + आर दाबून msinfo32 टाका, 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडा आणि 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय ते बघा. 'लेगसी' असेल तर विंडोज यूईएफआयच्या नाही, जुन्या बायोसच्या पद्धतीने टाकलेलं आहे, त्याला ती खूण करताच येत नाही. मग सेटिंग्जमध्ये रीस्टार्ट व्हायची कमांड देऊनही 'एन्व्हायर्नमेंट ऑप्शन सापडत नाही' एवढंच उत्तर मिळतं.

* * *

मी सेवानिवृत्त आहे, त्यामुळे मॅन्युअल वाचायला वेळ होता. त्यात लिहिल्याप्रमाणे वीज बंद करून केबल काढली, चालू करायचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवली, 3 व्होल्टची ती चपटी सीआर2032 बॅटरी काढली, दहा मिनिटांनी परत बसवली. फास्ट बूट गेले, डिलीट चालू लागले. फार आनंद झाला.

आनंद विंडोज येईपर्यंत टिकला. निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप) 48 अंकी रिकव्हरी की मागितली होती. डिस्कला बिटलॉकर आहे हेच मला ठाऊक नव्हते! सेटिंग्ज मूळ पदावर गेल्या की त्याला संशय येतो. सुदैवाने की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली होती, मोबाइलवरून उघडून एकेक अंक टंकला. बॅटरीला किंवा क्लिअर सीमॉसच्या जंपरला (बायोसच्या सेटिंग्ज पुसणाऱ्या बोर्डावरच्या पिना) हात लावण्याआधी ती की कागदावर उतरवून घ्या. घड्याळही मागे गेले होते, ते एक वेगळेच.

* * *

सेकंडहँड मशीन घेतलं, बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड. बॅटरी काढून गेला नाही. बोर्डावर पासवर्डसाठी वेगळाच जंपर होता, तो हलवल्यावर गेला.

* * *

माझ्याकडे 'सेटिंग्जमध्ये जातोय' अशी ओळ यायची आणि तिथेच गोठायचं. विंडोज मात्र मजेत चालायचं, म्हणून डोकं जास्तच फिरलं. सुरू होताना कुठे अडलं ते दाखवणाऱ्या, बोर्डावरच्या सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा चार दिव्यांपैकी कुठलाही अडकलेला नव्हता. शेवटी कीबोर्ड सोडून सगळं उपटलं: प्रिंटर, वेबकॅम, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क. लगेच उघडलं. मग एकेक परत लावत गेलो. चोर निघाली ती जुनी हार्डडिस्क. नेहमीच्या बूटला फर्मवेअर तिच्याकडे ढुंकूनही बघत नसावं, सेटिंग्जमध्ये जाताना मात्र सगळ्या डिस्कची यादी करायला बसायचं आणि ही काही उत्तर द्यायची नाही.

फर्मवेअर खरंच बिघडल्याचंही ऐकलेलं आहे, नाही असं नाही. डिसेंबर 2017मध्ये उबुंटू 17.10 डाउनलोडवरून मागे घ्यावी लागली होती, कारण काही लॅपटॉपवर तिच्यामुळे बायोसमधले बदल सेव्हच होईनासे झाले. पण तिथवर पोचण्याआधी केबली उपटून बघा.

* * *

धागाकर्ते, लेगसी निघालं असेल तर बॅटरी वगैरे राहू द्या. मशीन बंद करा, वीज काढा आणि विंडोज ज्या डिस्कवर आहे तिची केबल सोडा. दुसऱ्या डिस्क असतील तर त्यांच्याही. बूट करायला काहीच सापडलं नाही की फर्मवेअरला कुठेतरी थांबावंच लागतं. काही बोर्ड सरळ सेटिंग्ज उघडतात.

* * *

धागाकर्ता परत आलोय. बायोस मोड: लेगसी. नमस्कार घ्या.

डिस्कची केबल सोडली. काळ्या पडद्यावर 'योग्य बूट डिव्हाइस निवडा' अशी ओळ आली आणि खाली बघतो तर नमलॉकचा दिवा लागलेला! कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, मग नुसतं डिलीट, आणि तीन दिवसांनी ते दार उघडलं. फास्ट बूट सुरू होतं आणि यूएसबीपुढे 'पार्शल', म्हणजे अर्धवट, लिहिलेलं. फास्ट बूट बंद केलं, सेव्ह केलं, केबल परत लावली, दोनदा आत जाऊन बाहेर आलो, उगीचच.

एक्सएमपी सुरू करायचं राहिलं. परत जातोय.